जँगोचं मराठी पुस्तक मी का सोडलं

हा भाग बोलताना मी बऱ्याच ठिकाणी अडखळलो होतो, त्यामुळे इथे लिहिताना तो थोडा नीट केलाय. मधले "अं", "म्हणजे कसंय" आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी मजकूर तोच.

सुरुवातीच्या भागांमध्ये मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की जँगो या ओपन सोर्स फ्रेमवर्कवर मी मराठीत पुस्तक लिहितोय. तेव्हापासून दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, पुस्तक कुठपर्यंत आलं? तर सांगून टाकतो. ते येणार नाही. अठरा प्रकरणांपैकी अकरा लिहून झाली होती आणि जून २०२४ मध्ये मी थांबलो. वेळ मिळेना, नोकरी बदलली, घरात लग्न निघालं, अशी कारणं मी आजवर देत आलोय. ती खोटी नाहीत. पण त्या कारणांनी पुस्तक लांबलं असतं, बंद पडलं नसतं. बंद का केलं, ते आज नीट सांगतो.

आधी, जे प्रोग्रॅमिंगमधले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्रेमवर्क म्हणजे लग्नातला मंडपवाला समजा. खांब, कनात, खुर्च्या, लाइटची माळ, स्टेज, सगळं तो घेऊन येतो. तुम्ही फक्त सांगायचं की पंगत कुठे बसणार आणि नवरदेव कुठून येणार. वेबसाइटला लागणाऱ्या नेहमीच्या गोष्टी, म्हणजे लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं, अ‍ॅडमिनचं पान, हे जँगो तयार देतं. त्यावर आपण आपलं काम उभं करतो. आता मंडपवाल्याने एके वर्षी बांबूऐवजी लोखंडी पाइप आणले, तर सुतळीच्या गाठी कशा माराव्यात हे शिकवणारं पुस्तक रद्दीत जातं. मंडप मात्र आधीपेक्षा मजबूत झालेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जँगोच का निवडलं, तर त्याची जन्मकथा मला फार आवडते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या स्थानिक वर्तमानपत्राच्या ऑफिसात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी ते बनवायला घेतलं. सकाळी संपादक सांगणार आणि संध्याकाळपर्यंत पान चालू पाहिजे, अशी घाई. त्या घाईतून हे फ्रेमवर्क तयार झालं आणि जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. नाव एका गिटारवादकाचं, जँगो राइनहार्टचं. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीतून नाही, तर एका लहान गावच्या पेपरातून जगभर गेलेली गोष्ट. बीडमध्ये स्थानिक दैनिकांना तोटा नाही, त्यामुळे ही कथा मी इथल्या पोरांना सांगतो तेव्हा ती त्यांना लगेच जवळची वाटते.

आणि मराठीत का? मी अंबाजोगाई तालुक्यातला. आमच्याकडे शाळेपासून कानावर असतं की मुकुंदराजांनी विवेकसिंधु इथे लिहिला, परंपरेने सांगतात ते साल ११८८. संस्कृतातलं कठीण ज्ञान पहिल्यांदा मराठीत आणलं ते आपल्या मातीत, असं ऐकत मोठं झालेल्या पोराला वाटणारच की आपणही काहीतरी आणावं. थोडा अहंकार होता, नाही म्हणत नाही. मराठीत जँगोचं पहिलं पुस्तक आपलं असावं, कव्हरवर आपलं नाव असावं. पण दुसरं कारणही होतं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेलेलं पोरगं पहिल्या सहा महिन्यांत विषयाशी कमी आणि इंग्रजी वाक्यांशी जास्त झगडतं. बीटेकच्या पहिल्या वर्षात मीही तेच केलंय. पॉइंटर समजायला मला वेळ लागला नाही, पॉइंटरवरचा परिच्छेद समजायला लागला.

तर जानेवारी २०२२ मध्ये सुरुवात केली. तेव्हा जँगोची ३.२ ही आवृत्ती मी धरली. ती एप्रिल २०२१ ची, आणि दीर्घकाळ आधार मिळणारी, ज्याला एलटीएस म्हणतात, तशी. डिसेंबर २०२१ मध्ये ४.० आलेलं होतं, पण पुस्तकासाठी टिकाऊ आवृत्ती बरी, असा हिशोब. त्या वेळी तो मला फार शहाणपणाचा वाटला होता.

शब्दांची मारामारी हा स्वतंत्र भागाचा विषय आहे, इथे एकच किस्सा. डेटाबेसमधल्या टेबलांची रचना बदलायची असेल तर जँगोत "मायग्रेशन" करावं लागतं. मी मोठ्या उत्साहाने त्याला "स्थलांतर" लिहिलं. कच्चं प्रकरण वाचायला दिलं होतं त्यातला एक मुलगा केज तालुक्यातला, आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्याचा मेसेज आला, "सर, यात स्थलांतर कोण करायलंय आणि कुठं?" मी हसलो आणि मग गप्प झालो. बीड जिल्ह्यात स्थलांतर या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्याच्या वाटेला लागतात. तो शब्द मोकळा नाहीये. मी परत "मायग्रेशन" लिहिलं.

आता मुख्य प्रकरण.

माझा आतेभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट म्हणून तो गावच्या किराणा दुकानाची उधारीची वही वेबसाइटवर आणत होता. त्याला मी पुस्तकाची तयार प्रकरणं पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. नववं प्रकरण लॉगिन आणि लॉगआउटचं. साल २०२४, मार्च महिना. दहा-बारा दिवस त्याचा काही निरोप नाही. मला वाटलं, झालं असेल. एका लग्नात भेटला. मी विचारलं, काय रे, प्रोजेक्ट?

"नाही दादा, सोडून दिला तो. दुसरा विषय घेतलाय."

"का रे?"

"लॉगआउट होईना. तुमच्या पुस्तकात दिलंय तसंच केलं. चार-चार वेळा टाइप केलं. मला वाटलं मपलंच चुकायलंय."

त्याच्या मोबाइलवर फोटो होता. पानावर "४०५" असा एरर. मी तो बघितला आणि पंगतीत बसूनच मला कळलं की त्याचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझ्या पानावर होती. आणि गंमत अशी की मी ते पान लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं.

काय झालं होतं ते समजावून सांगतो, कारण सगळं यातच आहे. ब्राउझर सर्व्हरला निरोप पाठवतो तेव्हा त्याचे दोन मुख्य प्रकार असतात, "गेट" आणि "पोस्ट". गेट म्हणजे तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघणं. तुम्ही दहा वेळा बघा, उताऱ्यावरची नोंद बदलत नाही. पोस्ट म्हणजे फेरफार. त्याला अर्ज लागतो, सही लागते, कारण त्याने नोंद बदलते. लिंकवर क्लिक केलं की जातो तो गेट. फॉर्ममधलं बटण दाबून जातो तो साधारणपणे पोस्ट.

लॉगआउट हे बघणं आहे की बदलणं? बदलणं आहे. तुमची आत असल्याची नोंद पुसली जाते. पण जँगोमध्ये वर्षानुवर्षं लॉगआउट साध्या लिंकने व्हायचं, म्हणजे सातबारा बघायला गेलं की फेरफार होऊन यायचा. यात धोका असा, की दुसऱ्या कुठल्या वेबसाइटने आपल्या पानात गुपचूप तो पत्ता एखाद्या चित्राचा पत्ता म्हणून घातला, तर तुमचा ब्राउझर चित्र आणायला जातो आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. काही ब्राउझर पान लवकर उघडावं म्हणून लिंक आधीच आणून ठेवतात, त्यानेही हे होऊ शकतं. तुमचं बँकेतलं काही जाणार नाही, पण दार तुमच्या परवानगीशिवाय हलतंय, हे बरोबर नाही.

म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ४.१ आवृत्तीत जँगोने सांगितलं की लिंकने लॉगआउट करणं आता जुनं झालं, पोस्ट वापरा. डिसेंबर २०२३ मध्ये ५.० आलं तेव्हा जुनी पद्धत काढूनच टाकली. आतेभावाने मार्चमध्ये जँगो टाकून घेतलं, त्याला साहजिकच ५.० मिळालं. माझ्या पुस्तकात लॉगआउटची लिंक होती. सर्व्हरने सांगितलं, या पद्धतीने येऊ नका. ४०५ चा अर्थ तोच.

जँगोवाल्यांचा यात काडीचाही दोष नाही. उलट त्यांची पद्धत फार सभ्य आहे. एखादी गोष्ट काढायची असली की ते किमान दोन आवृत्त्या आधी इशारा देतात, प्रोग्रॅम चालवताना सूचना दिसू शकते, आणि प्रत्येक आवृत्तीसोबत काय बदललं याची लांबलचक टिपणं असतात. जो माणूस जँगोवर काम करतो आणि आवृत्ती चढत-चढत येतो, त्याला ती सूचना दिसते. पण पुस्तक वाचणारा चढत येत नाही. तो थेट वरच्या मजल्यावर उतरतो आणि त्याच्या हातात खालच्या मजल्याचा नकाशा असतो.

तुम्ही म्हणाल, मग पुस्तकात लिहायचं ना की ३.२ च टाका. लिहिलं होतं, दुसऱ्या प्रकरणात, चौकटीत. आतेभावाने ते वाचलं नव्हतं आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही वाचलं नसतं. बरं, वाचलं असतं तरी काय? ३.२ अधिकृतपणे पायथन ३.१० पर्यंत चालतं. त्याच्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ होतं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आलं, त्यातून सीजीआय नावाचा म्हातारा मॉड्यूल काढून टाकला. जँगो ३.२ तो मॉड्यूल वापरतं, त्यामुळे तिथे ते सुरूच होत नाही. म्हणजे जुनं जँगो शिकायला जुनं पायथन शोधा, ते नव्या पायथनच्या शेजारी बसवा, आणि हे सगळं त्याने करायचं ज्याने आयुष्यात पहिल्यांदा टर्मिनल उघडलंय. शिवाय ३.२ चा आधार एप्रिल २०२४ मध्ये संपला. त्यानंतर त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर ते जँगोवाले बुजवत नाहीत. नव्या पोराला मी म्हणायचं की बाबा, ज्याची डागडुजी बंद झाली त्या घरात राहायला जा, कारण माझं पुस्तक त्या घराबद्दल आहे?

लग्नाहून घरी आलो आणि त्या रात्री पहिल्यांदा वहीत हिशोब मांडला. खरं तर हा हिशोब पहिल्या दिवशी करायला हवा होता. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. एलटीएस दर दोन वर्षांनी, आणि तिला आधार तीन वर्षं. मी लिहितो रविवारी आणि अधूनमधून रात्री. अकरा प्रकरणांना सव्वीस महिने लागले होते. म्हणजे अठराला बेचाळीस महिने, साडेतीन वर्षं. त्यावर तपासणी, मुद्रितशोधन, छपाई धरा सहा महिने. एकूण चार वर्षं. ज्या आवृत्तीचं आयुष्यच तीन वर्षांचं, तिच्यावरचं पुस्तक लिहायला मला चार वर्षं लागणार होती. पुस्तक बाजारात येईल त्या दिवशी त्याचा विषय वारलेला असणार. आणि आपण ५.२ वर उडी मारली तर? वेग तोच, हिशोब तोच. फक्त पहिली अकरा प्रकरणं पुन्हा लिहायची.

मग मी बघायला लागलो की बाकीच्यांचं काय झालं. जँगोवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक खुद्द जँगो बनवणाऱ्यांचं आहे. एड्रियन होलोवाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांनी ते लिहिलं, लोक त्याला नुसतं "जँगो बुक" म्हणतात. लिहिता लिहिता त्यांनी प्रकरणं इंटरनेटवर टाकली, प्रत्येक परिच्छेदाशेजारी वाचकाला शेरा मारता येईल अशी सोय करून. डिसेंबर २००७ मध्ये ते एप्रेस या प्रकाशनाने छापलं. त्यात जँगोची ०.९६ आवृत्ती होती. सप्टेंबर २००८ मध्ये १.० आलं आणि त्यात अ‍ॅडमिनचा भाग मुळापासून बदलला होता. आधी अ‍ॅडमिनची माहिती मॉडेलच्या पोटात लिहायची असे, आता ती वेगळ्या फाइलमध्ये गेली. नऊ महिन्यांत लेखकांच्याच सॉफ्टवेअरने लेखकांचंच प्रकरण जुनं करून टाकलं! २००९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. त्यानंतर मात्र जँगो पुढे पळत राहिलं आणि पुस्तक तिथेच थांबलं. पुढे त्यांनी पुस्तकाची मूळ फाइल गिटहबवर सगळ्यांसाठी खुली केली, की या, मिळून नवं करू. शेवटी नायजेल जॉर्ज नावाच्या लेखकाने ते काम अंगावर घेतलं आणि १.८ साठी नव्याने लिहिलं. ज्यांनी मंडप बांधला त्यांनाही त्याच्या गाठींचं पुस्तक सांभाळता आलं नाही, हे वाचून मला लाज कमी वाटली, एवढं खरं.

इंग्रजीत यावर लोकांनी उपाय काढलाय. विल्यम व्हिन्सेंट यांचं नवशिक्यांसाठीचं जँगोचं पुस्तक आहे, ते नव्या आवृत्त्या आल्या की पुन्हा सुधारून काढतात. ते जमतं, कारण जगभरातला वाचक आहे आणि पुस्तक हेच काम आहे. मराठीत हे गणित बसत नाही. बसेलही कुणाचं, माझं नाही बसत.

पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. इंग्रजीत जुनं पुस्तक वाचणाऱ्याला शेजारी दहा नवी ठिकाणं असतात. एरर आला की तो शोधतो, कुणीतरी म्हणतं, अरे हे ५.० मध्ये बदललंय. मराठी पुस्तक हातात घेणारा वाचक ते घेतो याचं कारणच हे की त्याला ती दहा ठिकाणं सोपी वाटत नाहीत. त्याच्यासाठी ते एकच पुस्तक असतं. पुस्तक छापील, सर लोकांनी सांगितलेलं, म्हणजे बरोबरच असणार. मग चुकतंय कोण? मी. आतेभाऊ नेमकं हेच म्हणाला होता.

आणि छापील पुस्तक मरत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बघा. शिक्का मारलेलं, नंबर टाकलेलं पुस्तक वीस वर्षं कपाटात राहतं. आमच्या पिढीने टर्बो सी वर प्रोग्रॅम केलेत, ती निळी स्क्रीन, १९९० च्या दशकातली. नव्या विंडोजवर ती चालेना म्हणून डॉसबॉक्समध्ये चालवायची, कारण पुस्तकात तीच होती आणि प्रॅक्टिकलच्या वहीत तीच. अख्खी पिढी मेन फंक्शनला व्हॉइड लिहायला शिकली आणि नोकरीत जाऊन विसरली. उद्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात माझं पुस्तक असंच राहिलं असतं. २०३५ साली कुणीतरी त्यातली लॉगआउटची लिंक टाइप करत बसलं असतं.

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणाचा विषय त्यांनी कापडावर लिहून ठेवला, चारशे वर्षांहून जुना. तो आजही वाचता येतो, कारण पंचीकरणाची नवी आवृत्ती दर आठ महिन्यांनी येत नाही. मी चुकीच्या गोष्टीसाठी कापड विणायला बसलो होतो.

प्रकाशकांना सांगणं हा सगळ्यात अवघड भाग होता. भला माणूस. त्यांनी नमुना म्हणून दोन प्रकरणं जुळवूनसुद्धा घेतली होती. (त्या जुळवणीचीही कथाच आहे. त्यांचा डीटीपी ऑपरेटर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करायचा. त्याने परिच्छेद दोन्ही बाजूंनी सुबक करून दिले, आणि त्यात पायथनच्या ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गेल्या. पायथनमध्ये त्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, ती गेली की प्रोग्रॅम गेला. सरळ अवतरणचिन्हं वाकडी झाली ती वेगळीच. मी तीन वेळा दुरुस्त्या पाठवल्या, तीन वेळा ते पुन्हा सुबक होऊन आलं.) फोन केला, म्हटलं, साहेब, पुस्तक नाही करायचं. ते म्हणाले, "अहो, एवढं लिहिलंय तर छापून टाकू. थोडंफार जुनं असलं तर काय बिघडतं? पोरांना तेवढंच कळतं." मी त्यांना आतेभावाचं सांगितलं. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही उचल घेतली नव्हती म्हणून सुटलात." दोघंही हसलो. माझ्या हसण्यात सुटकेचा भाग जास्त होता.

सोडायचं ठरवल्यावर अकरा प्रकरणं छापून काढली आणि लाल पेन घेऊन बसलो. आवृत्ती बदलली तर जे वाक्य खोटं ठरेल त्यावर रेघ. जँगो बसवणं, सेटिंग्ज, पत्त्यांची मांडणी, लॉगिन, सर्व्हरवर चढवणं, ही प्रकरणं जवळजवळ पूर्ण लाल झाली. पत्त्यांच्या प्रकरणात मी "जुन्या कोडमध्ये असंही दिसेल" म्हणून यूआरएल नावाचं एक फंक्शन समजावलं होतं, ते तर मी लिहायला बसलो त्याच्या महिनाभर आधी ४.० मधून गेलेलं होतं. पण काही प्रकरणांवर पेन चाललाच नाही. ब्राउझर आणि सर्व्हर काय बोलतात. गेट आणि पोस्ट. टेबल म्हणजे काय, दोन टेबलं कशी जोडायची, किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाईक आणि बाकी वेगळ्या टेबलांत का हव्यात. पासवर्ड जसाच्या तसा का साठवायचा नाही. वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर तसाच डेटाबेसच्या प्रश्नात का जोडायचा नाही. यातलं काही आठ महिन्यांनी जुनं होत नाही. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा अशी साडेतीन प्रकरणं निघाली. म्हणजे पुस्तकाचा जो भाग मी "प्रस्तावना" समजून घाईघाईत लिहिला होता, तोच उरला. आणि जो भाग मी अभिमानाने दाखवायचो, तो गेला.

बंद करण्याचीही एक रीत असते, ती ओपन सोर्सवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. तिथे प्रकल्प सोडताना गपचूप निघून जात नाहीत. गिटहबवर तो "अर्काइव्ह" करतात, म्हणजे वाचता येतो पण त्यात बदल होत नाहीत, आणि वर पाटी लावतात. मी तेच केलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की हे जँगो ३.२ साठी होतं, अर्धवट आहे, यावरून शिकू नका, आणि कुणाला पुढे न्यायचं असेल तर नाव ठेवून खुशाल न्या. ज्यांना पीडीएफ पाठवली होती त्या तेवीस जणांना एकेक मेसेज केला. हे काम कंटाळवाणं होतं, आणि करायलाच हवं होतं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या पीडीएफला पाटी लावता येत नाही. दोघांनी ती पुढे ढकलली होती. कुठे गेली, देव जाणे.

काहीजण म्हणतात, आता एआयला मराठीत विचारता येतं, पुस्तक हवंच कशाला? मी लॉगआउटचा प्रश्न विचारून बघितला. पहिल्या उत्तरात जुनीच लिंक आली. इंटरनेटवर जुनं लेखन नव्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे नवल नाही. मी टोकल्यावर त्याने लगेच माफी मागितली आणि बरोबर उत्तर दिलं. पण टोकायला आधी माहीत असावं लागतं.

जँगोच्या गाठी मराठीत सांगायच्याच नाहीत, असं नाही. त्या इथे सांगतो, भागाच्या सुरुवातीला तारीख आणि आवृत्ती सांगून. भाग जुना झाला की वरची ओळ बदलतो किंवा भाग काढून टाकतो. पुस्तकाला ते जमत नाही. शिवाय जँगोमध्येच मराठी भाषेची फाइल आहे. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली की अ‍ॅडमिनच्या पानावरचे जे शब्द भाषांतरित आहेत ते मराठीत दिसतात. ते काम स्वयंसेवक ट्रान्सिफेक्स नावाच्या साइटवर करतात. नवी आवृत्ती आली की नवे शब्द यादीत येतात, त्यामुळे तिथलं मराठी जँगोबरोबरच पुढे सरकतं. कव्हरवर नाव येत नाही. रविवारी पंधरा-वीस ओळी होतात.

आतेभावाकडे मी पुढच्याच आठवड्यात गेलो. प्रोजेक्टचा विषय बदलून झाला होता, तो काही परत आला नाही. पण उधारीची वही त्याच्या लॅपटॉपवर तशीच होती. लिंक काढली, तिच्या जागी छोटा फॉर्म, आत एक बटण आणि सुरक्षेचं टोकन. तीन ओळी. बटण दाबलं, बाहेर पडला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढंच व्हतं व्हय दादा?" मी हो म्हणालो. त्याच्या आईने चहा आणला, त्यामुळे पुढचं बोलणं राहून गेलं.

उरलेली साडेतीन प्रकरणं मी आता चार करतोय, पीडीएफ साधारण सत्तर पानांची होईल, फुकट असेल. पुढच्या भागात त्यातलं सातबारा आणि फेरफारचं प्रकरण, म्हणजे गेट आणि पोस्ट, पूर्ण वाचून दाखवतो. त्यात आवृत्तीचा आकडा एकही नाही, मी दोनदा तपासलंय. तुम्हाला सापडला तर कळवा. भेटू.